अमेरिकेचे सेमीकंडक्टर नियम शोधायचे तर: ईसीएफआर आणि फेडरल रजिस्टर या मोफत सेवांची पारख

पुण्यातल्या डिझाइन सेंटरमध्ये अमेरिकन कंपनीच्या चिपवर काम करणारी टीम असो, की भोसरी-चाकणला चिप बनवणाऱ्या यंत्रांचे सुटे भाग घडवणारा कारखाना असो, ‘हे अमेरिकेच्या निर्यात नियमांत बसतं का?’ हा प्रश्न आज ना उद्या टेबलावर येतोच. ग्राहक विचारतो, फॉरवर्डर विचारतो, बँक विचारते. उत्तरासाठी बहुतेक जण गुगल करतात आणि हाती लागतात वकिली फर्मची टिपणं. ती वाईट नसतात, पण लिहिली त्या दिवसापुरतीच खरी असतात. ‘डीरॅम १८ नॅनोमीटर हाफ-पिचच्या आत असेल तर नियंत्रित’ हे मेमरी चिपबद्दलचं वाक्य अजून कित्येक पीपीटींमध्ये फिरतं आहे, आणि ती व्याख्या डिसेंबर २०२४ मध्येच बदलली आहे. म्हणून मूळ मजकुरापाशी जाण्याला पर्याय नाही. अमेरिकेच्या बाबतीत ते काम फुकट होतं, चांगलं होतं, मात्र त्याच्या मर्यादा ठाऊक असायला हव्यात.

सेवा दोन आहेत. ईसीएफआर म्हणजे अमेरिकन केंद्रीय नियमांचं रोज अद्ययावत होणारं संकलन. फेडरल रजिस्टर म्हणजे तिथलं राजपत्र. नियम आधी तिथे छापला जातो आणि मग ईसीएफआरमधल्या मजकुरात मिसळला जातो. आज काय लागू आहे ते ईसीएफआरवर पाहायचं. ते कधीपासून, का आणि कोणत्या सवलतींसह लागू झालं ते फेडरल रजिस्टरवर. या दोन खिडक्यांची गल्लत केली की पुढचं सगळं चुकत जातं.

आधी ईसीएफआर. शोधचौकटीत ‘सेमीकंडक्टर’ टाइप करू नका. हवेच्या प्रदूषणापासून करसवलतीपर्यंत सगळं अंगावर येतं. थेट क्रमांकाने जा. निर्यात नियमावली शीर्षक १५ मध्ये भाग ७३० ते ७७४ अशी आहे. चिपच्या कामाला लागणारे भाग मोजकेच: व्याप्तीसाठी ७३४, देशांच्या तक्त्यासाठी ७३८ ची पुरवणी १, परवान्यातल्या सवलतींसाठी ७४०, अंतिम वापर आणि वापरकर्त्यासाठी ७४४, व्याख्यांसाठी ७७२, आणि वस्तूंच्या नियंत्रण यादीसाठी ७७४ ची पुरवणी १. या यादीत इलेक्ट्रॉनिक्स म्हणजे विभाग ३. त्यात ए म्हणजे वस्तू आणि घटक, बी म्हणजे उत्पादन-तपासणीची यंत्रं, सी कच्चा माल, डी सॉफ्टवेअर, ई तंत्रज्ञान. म्हणजे ३बी००१ दिसलं की ते चिप बनवायचं यंत्र आणि ३ई००१ दिसलं की तंत्रज्ञान, हे क्रमांकावरूनच कळतं. नवख्याने भाग ७३२ आधी वाचावा. नियमावली कोणत्या क्रमाने वापरायची त्याच्या पायऱ्या सरकारनेच तिथे लिहून दिल्या आहेत, आणि त्या उत्तम आहेत.

पान उघडल्यावर पहिली नजर वरच्या ‘अमुक तारखेपर्यंत अद्ययावत’ या ओळीवर जायला हवी. शेजारी त्या भागात शेवटची दुरुस्ती कधी झाली तेही दिलेलं असतं. या दोन तारखा वेगळ्या आहेत आणि फाइलमध्ये दोन्ही नोंदवाव्यात. एखाद्या कलमात मंजूर झालेली पण अजून लागू न झालेली दुरुस्ती असेल तर तिथे छोट्या चौकटीत तिची लिंक येते. ही चौकट नजरेआड होते आणि महिन्याभराने निघणाऱ्या मालाला आजचा मजकूर लावला जातो. शिपमेंटची तारीख पुढची असेल तर आधी ती चौकट शोधा.

या सेवेचं सगळ्यात मोठं बळ म्हणजे मागच्या तारखेला जाता येणं. २०१७ पासून पुढची कोणतीही तारीख निवडा, त्या दिवशीचा मजकूर समोर येतो, आणि दोन तारखांमधला फरकही रंगवून दाखवला जातो. हे किती कामाचं आहे ते प्रगत एआय चिपांच्या ३ए०९० या नोंदीवरून पाहा. १ नोव्हेंबर २०२३ ला ही नोंद चिपची गणनक्षमता आणि सेकंदाला ६०० गिगाबाइटची जोडणी-गती अशा दोन अटींवर उभी होती. १ डिसेंबर २०२३ ला पाहिलं तर जोडणी-गती गेलेली दिसते आणि तिच्या जागी ‘परफॉर्मन्स डेन्सिटी’ आलेली दिसते, कारण मधे १७ नोव्हेंबरला नवा नियम लागू झाला. जुन्या ऑर्डरच्या ऑडिटमध्ये हा एक फरक सगळा निकाल फिरवू शकतो.

आजच्या मजकुराचं गणित असं. एकूण गणनक्षमता, म्हणजे टीपीपी, ही ‘गुणाकार-बेरीज’ क्रियांचा वेग गुणिले दोन गुणिले बिटलांबी. डेटाशीटवरच्या टॉप्समध्ये (सेकंदाला किती लाख कोटी क्रिया) तो दोनचा गुणक बहुधा आधीच धरलेला असतो. पुन्हा दोनने गुणलं तर आकडा दुप्पट होतो. दुसरी चूक स्पर्सिटीची, म्हणजे शून्यं वगळून वाढवलेल्या वेगाची. डेटाशीटवर मोठ्या अक्षरात छापलेला आकडा बऱ्याचदा स्पर्सिटीसह असतो, तर नियमाला डेन्स गणनेचा आकडा हवा असतो. तिसरं, प्रत्येक बिटलांबीला गुणाकार करून जो सगळ्यात मोठा येईल तो धरायचा.

उदाहरण घेऊ. डेटासेंटरसाठीची एक चिप ८ बिटला डेन्स २५० टॉप्स देते. टीपीपी झाली २,०००. ४,८०० ची मोठी मर्यादा बरीच लांब आहे, म्हणून निर्धास्त होणारे खूप. पण नियमात दुसरी अटही आहे: टीपीपी १,६०० किंवा जास्त आणि डेन्सिटी ५.९२ किंवा जास्त असली तरीही चिप ३ए०९०.ए मध्येच जाते. डेन्सिटी म्हणजे टीपीपी भागिले डायचं, म्हणजे चिपमधल्या सिलिकॉनच्या तुकड्याचं, लागू क्षेत्रफळ, चौरस मिलिमीटरमध्ये. डाय ३०० चौरस मिलिमीटरचा असेल तर ६.६७, म्हणजे अडकली. ४०० चा असेल तर ५, म्हणजे ३ए०९०.बी मध्ये. ७०० चा असेल तर २.८६, म्हणजे या नोंदीतून बाहेर, पण इतर नोंदी तपासायच्या राहतातच. क्षेत्रफळही सगळं धरायचं नसतं. सपाट नसलेल्या, म्हणजे फिनफेटसारख्या ट्रान्झिस्टरच्या नोडवर, म्हणजे उत्पादन-पिढीवर, बनलेले लॉजिक डाय तेवढेच मोजायचे. चिप डेटासेंटरसाठी बनवलेली किंवा विकली जाणारी नसेल आणि टीपीपी ४,८०० च्या खाली असेल, तर खालच्या टिपेनुसार ती सुटते. हे सगळं मुख्य ओळीत नाही, खालच्या टिपांमध्ये आहे. नियंत्रण यादी वाचताना नोंदीखालच्या टिपा, तांत्रिक टिपा आणि ‘संबंधित नियंत्रणं’ हे तिन्ही वाचल्याशिवाय वर्गीकरण ठरवू नये.

आता उणी बाजू. भाग ७७४ ची पुरवणी १ प्रचंड लांब आहे. पान उतरायला वेळ घेतं, आणि ब्राउझरमध्येच कंट्रोल-एफ मारला तर पान पूर्ण उतरण्याआधी ‘सापडलं नाही’ असं उत्तर येऊ शकतं. थांबा, पान खालपर्यंत उतरू द्या, मग शोधा. तुलना करतानाही सगळी पुरवणी समोर येते. हव्या त्या नोंदीपुरती तुलना मिळाली असती तर वेळ निम्म्याने वाचला असता.

एंटिटी लिस्ट, म्हणजे ज्यांना माल द्यायला परवाना लागतो अशा संस्थांची यादी (भाग ७४४ ची पुरवणी ४), हा तक्ता पाच रकान्यांचा आहे: देश, संस्था, परवान्याची अट, अर्जाकडे पाहण्याचं धोरण, आणि फेडरल रजिस्टरचा संदर्भ. लोक दुसऱ्या रकान्यात नाव आहे की नाही एवढंच पाहतात. खरी मेख तिसऱ्यात असते. काही नावांपुढे तळटीप १, ४ किंवा ५ लावलेली असते. ती असेल तर अमेरिकेबाहेर, अगदी भारतात बनलेला मालही अमेरिकन तंत्रज्ञानाच्या आधारामुळे कक्षेत येऊ शकतो. त्याचे निकष कलम ७३४.९ मध्ये आहेत. तळटीप ५ ही डिसेंबर २०२४ मध्ये आली आणि ती चिप-यंत्रांच्या साखळीसाठीच आहे. यंत्रांचे भाग पुरवणाऱ्यांनी हा रकाना अक्षर न् अक्षर वाचावा. नावाचा शोध मात्र ईसीएफआरवर करू नका. चिनी नावांची रोमन स्पेलिंग अनेक असतात. त्यासाठी अमेरिकी वाणिज्य खात्याची ‘कन्सॉलिडेटेड स्क्रीनिंग लिस्ट’ आहे. ती एकाच वेळी अनेक सरकारी याद्या धुंडाळते, जवळपासची स्पेलिंगही पकडते आणि मोफत आहे. तिथे नाव सापडलं की ईसीएफआरवर येऊन अट वाचायची, हा क्रम बरा.

सुट्या भागांच्या कारखानदारांसाठी कलम ७७२.१ मधली ‘स्पेशली डिझाइन्ड’ ही व्याख्या जीव की प्राण आहे. तिच्या पहिल्या परिच्छेदात भाग पकडला जातो आणि दुसऱ्यात सुटतो. स्क्रू, बोल्ट, नट, रिव्हेट, वॉशर, स्पेसर, बुशिंग, स्प्रिंग, वायर असले साधे भाग दुसऱ्या परिच्छेदात नावानिशी सोडलेले आहेत. पहिलाच परिच्छेद वाचून घाबरलेले आणि ‘आमचा भाग साधाच आहे’ म्हणत दुसराही न वाचलेले, दोन्ही पंगतीतले लोक चुकतात. भारतात बनलेल्या मालात अमेरिकन नियंत्रित घटकांचा हिस्सा किती चालतो ते कलम ७३४.४ मध्ये आहे. बहुतेक देशांना जाणाऱ्या मालासाठी २५ टक्के, काही निर्बंधित देशांसाठी १० टक्के, आणि लिथोग्राफीच्या, म्हणजे चिपवर नक्षी छापणाऱ्या, काही यंत्रांना प्रगत नोडच्या वापरासाठी अजिबात सूट नाही. ‘२५ टक्क्यांच्या आत आहे, म्हणजे झालं’ असं सरसकट कुणी सांगितलं तर कलम उघडून दाखवायला सांगा.

डिझाइन सेंटरांना ७३४.१३ आणि ७३४.१४ ही कलमं लागतात. अमेरिकेतल्या सर्व्हरवरून नियंत्रित तंत्रज्ञान पुण्यात उतरवणं ही निर्यात. तेच पुण्यात तिसऱ्या देशाच्या नागरिक असलेल्या सहकाऱ्याला दाखवणं ही पुनर्निर्यात धरली जाऊ शकते. भारत २०१८ पासून ए:५ या देशगटात आहे. त्यामुळे काही सवलती मिळतात, पण त्या भाग ७४० मधल्या अटींसह मिळतात. गटाचं नाव पाहून परवाना लागत नाही असं गृहीत धरायचं नाही.

फेडरल रजिस्टर हे दुसरं टोक. त्याचा संदर्भ खंड आणि पान असा लिहितात. शोधचौकटीत ‘८७ एफआर ६२१८६’ टाकलं की ऑक्टोबर २०२२ चा पहिला मोठा चिप-नियम उघडतो. हाच नियम या सेवेचा उत्तम धडा आहे. तो छापून आला १३ ऑक्टोबरला, पण त्यातल्या काही तरतुदी ७ तारखेपासूनच लागू होत्या, काही १२ पासून आणि काही २१ पासून. रोजचा अंक वाचणाऱ्याला तो सहा दिवस उशिरा कळला. म्हणून छापील अंकाआधीचं ‘पब्लिक इन्स्पेक्शन’ हे पान पाहायचं. ते कामाच्या दिवशी अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्याच्या वेळेनुसार सकाळी पावणेनऊला भरतं, म्हणजे आपल्याकडे उन्हाळ्यात संध्याकाळी सव्वासहा आणि हिवाळ्यात सव्वासात. महत्त्वाचे नियम ‘विशेष फाइलिंग’ म्हणून इतर वेळीही येतात, तेव्हा त्याच पानावरची ती दुसरी यादीही पाहा.

नियमाचा प्रस्तावनेचा भाग लांबलचक असतो आणि बरेच जण तो सोडून देतात. तसं करू नका. रस्त्यात असलेल्या मालाला दिलेली मुदत बहुधा याच प्रस्तावनेत असते, ईसीएफआरमध्ये ती येतच नाही. जहाजावर चढलेल्या कंटेनरचं काय करायचं, या प्रश्नाचं उत्तर फक्त इथे मिळतं. वेगवेगळ्या तरतुदींच्या अनुपालनाच्या तारखाही इथे एकत्र सापडतात. डिसेंबर २०२४ च्या नियमात २ डिसेंबर आणि ३१ डिसेंबर अशा दोन तारखा होत्या, आणि दुसरी तारीख कोणत्या तरतुदींना ते इथेच नीट लिहिलं होतं.

दोन्ही सेवांवर ईमेल सूचना मोफत आहे. ईसीएफआरवर भाग ७३४, ७४४, ७७२ आणि ७७४ चं, फेडरल रजिस्टरवर ब्यूरो ऑफ इंडस्ट्री अँड सिक्युरिटी, म्हणजे बीआयएस, या कार्यालयाचं सदस्यत्व घ्यावं. संपूर्ण शीर्षक १५ चं घेतलं तर पेटी असंबद्ध मेलनी भरते आणि आठवड्याभरात कुणी ते उघडत नाही.

कायदेशीर वजनाबद्दल एक स्पष्ट गोष्ट. ईसीएफआर स्वतःच सांगतं की ते कायद्याची अधिकृत आवृत्ती नाही. अधिकृत आहे ती वार्षिक सीएफआर, म्हणजे केंद्रीय नियमांची संहिता, जिच्यात शीर्षक १५ दरवर्षी १ जानेवारीच्या स्थितीला गोठवलेलं असतं, आणि फेडरल रजिस्टरची पीडीएफ. दोन्ही ‘गव्हइन्फो’ या अमेरिकी सरकारी संकेतस्थळावर मिळतात. रोजच्या कामाला ईसीएफआर पुरेसं आहे. ग्राहकाला, बँकेला किंवा वकिलाला पुरावा द्यायचा असेल तर फेडरल रजिस्टरची पीडीएफ जोडावी, वेबपानाचा स्क्रीनशॉट नव्हे.

इथवर सगळं ठीक. पण या दोन्ही सेवा बिनचूक वापरूनही माणूस चुकू शकतो, आणि ते समजून घेणं या पारखीतला सगळ्यात महत्त्वाचा भाग आहे.

जानेवारी २०२५ मध्ये एआय चिपांच्या जागतिक वाटपाचा ‘एआय डिफ्यूजन’ नियम आला. मजकूर ईसीएफआरमध्ये मिसळला गेला आणि पालनाची तारीख ठरली १५ मे. त्याच्या दोन दिवस आधी, १३ मे ला, बीआयएसने जाहीर केलं की हा नियम मागे घेतला जाणार आहे आणि त्याची अंमलबजावणी करणार नाही. त्या दिवशी ईसीएफआर उघडलं तर मजकूर होता तसाच होता, मॉडेल वेट्ससाठीच्या, म्हणजे प्रशिक्षित एआय मॉडेलमधल्या आकड्यांसाठीच्या, ४ई०९१ या नव्या नोंदीसकट. यात सेवेचा दोष नाही. राजपत्रात बदल छापल्याशिवाय ती मजकूर बदलू शकत नाही. पण नुसतं ईसीएफआर वाचणारा त्या आठवड्यात चुकीच्या निष्कर्षाला पोचला असता. म्हणून बीआयएसच्या संकेतस्थळावरच्या निवेदनांची आणि प्रश्नोत्तरांची फेरी तिसरी पायरी म्हणून पक्की ठेवा.

उलट बाजूचं उदाहरण ५० टक्के मालकीच्या नियमाचं. यादीतल्या संस्थांची ५० टक्के किंवा जास्त मालकी असलेल्या कंपन्यांनाही तीच बंधनं लावणारा हा नियम २९ सप्टेंबर २०२५ पासून लागू झाला आणि १० नोव्हेंबर २०२५ पासून वर्षभरासाठी स्थगित झाला. त्या मधल्या सहा आठवड्यांत निघालेल्या मालाची तपासणी त्या दिवशीच्या मजकुरावर करायची, आजच्या नाही. इथे ईसीएफआरची तारीख-निवड नेमकी उपयोगी पडते.

आणि तिसरा प्रकार, जो कोणत्याही सेवेवर दिसत नाही. बीआयएस एखाद्या कंपनीला थेट पत्र पाठवून परवान्याची अट घालू शकतं. ऑगस्ट २०२२ मध्ये एनव्हिडियाला असं पत्र गेलं. मे २०२५ च्या अखेरीस चिप-डिझाइन सॉफ्टवेअरच्या कंपन्यांना चीनमधल्या विक्रीबद्दल पत्रं गेली आणि जुलैच्या सुरुवातीला ती मागे घेतली गेली. या काळात नियमावलीतला एक शब्दही बदलला नव्हता. ज्यांचं काम सिनॉप्सिस किंवा केडन्सच्या टूल्सवर चालतं त्यांनी अशी बातमी शोधायची ती कंपन्यांनी अमेरिकी शेअरबाजार नियामकाकडे भरलेल्या ‘८-के’ निवेदनांत. तीही सार्वजनिक आणि मोफत आहेत, एडगर या संकेतस्थळावर.

निर्यातीपलीकडचे चिप-नियम वेगवेगळ्या शीर्षकांत विखुरलेले आहेत, तेव्हा पत्ते लिहून ठेवा. चिप्स कायद्याच्या अनुदानावरच्या अटी शीर्षक १५, भाग २३१. चीनमधल्या गुंतवणुकीवरचे निर्बंध शीर्षक ३१, भाग ८५०. फॅबच्या सांडपाण्याचे निकष शीर्षक ४०, भाग ४६९. त्यात विषारी सेंद्रिय द्रव्यांची एका दिवसाची मर्यादा लिटरला १.३७ मिलिग्रॅम आहे. हवेसाठी त्याच शीर्षकात भाग ६३ चा पाच-बी उपभाग, हरितगृह वायूंच्या नोंदींसाठी भाग ९८ चा आय. आयात शुल्कासाठी ईसीएफआर उपयोगाचं नाही. ८५४१ आणि ८५४२ हे चिपांचे शुल्क-क्रमांक अमेरिकी व्यापार आयोगाच्या दरसूचीत पाहायचे.

युरोपीय संघाच्या कायद्यांच्या युर-लेक्स या संकेतस्थळाशी तुलना केली तर अमेरिकेची शोधयंत्रणा जास्त सोयीची वाटते. युर-लेक्सवरही एकत्रित मजकुराला कायदेशीर बळ नाही, अधिकृत जर्नललाच आहे. शिवाय दुहेरी, म्हणजे नागरी आणि लष्करी, वापराच्या वस्तूंच्या नियमाचं, म्हणजे २०२१/८२१ चं परिशिष्ट १ वेळोवेळी अख्खंच बदललं जातं, त्यामुळे जुनं परिशिष्ट हातात राहण्याचा धोका मोठा. जपानचा अधिकृत मजकूर जपानीतच. इंग्रजी भाषांतर फक्त संदर्भापुरतं. जुलै २०२३ मध्ये तिथे चिप-यंत्रांचे २३ प्रकार नियंत्रणात आले, त्यांचं वर्गीकरण भाषांतरावर ठरवू नये.

फाइलमध्ये काय ठेवायचं ते शेवटी. ईसीएफआरच्या पत्त्यातच तारीख घालता येते, तो तारखेचा पत्ता जपावा. साधा पत्ता उद्या दुसराच मजकूर दाखवेल. त्यासोबत त्या कलमाची छापील प्रत, फेडरल रजिस्टरची पीडीएफ, नाव-तपासणीचा निकाल, आणि टीपीपी किंवा हिश्शाच्या टक्केवारीचं गणित, करणाऱ्याच्या सहीसह. भाग ७६२ प्रमाणे कागद पाच वर्षं ठेवायचे असतात. वर्गीकरणाबद्दल शंका उरलीच तर कलम ७४८.३ खाली बीआयएसकडून लेखी वर्गीकरण मागवता येतं. आणि माल भारतातून निघत असेल तर आपल्या परकीय व्यापार महासंचालनालयाची (डीजीएफटी) निर्यात-नियंत्रित वस्तूंची स्कोमेट यादी, विभाग ८, स्वतंत्रपणे तपासावी लागते. अमेरिकेचा परवाना हातात असला तरी ती तपासणी सुटत नाही.